भुताचा सिनेमा आणि सासूबाई

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊन टाकते. मला मारामारीचे आणि भुताचे सिनेमे आवडतात. रात्री ओटा पुसून झाला, मटकी भिजत पडली, घर निजले की दिवा मालवायचा आणि एखादा भयपट लावून बसायचे. हे आपले आत घोरत असतात. त्यांना भुताचे वावडे आहे. उशीर झालेला चालतो, पण भूत नको!

परवा शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले तेव्हा सिनेमाचा विषय निघाला. कुणाला कौटुंबिक आवडतो, कुणाला गाण्यांचा. मी म्हटले, "मला तर बाई, भूत हवं." दोघींचे घास हातातच राहिले. एक म्हणाली, "अहो, मुलीची आई ना तुम्ही!" जणू मुलीच्या आईची भीतीशी ओळखच नसते.

आता आवडतात म्हणून सगळे गोड मानून घेते असे नाही हं. देमार सिनेमांविषयी माझी जुनी तक्रार आहे. नायक वीस जणांना लोळवतो, त्याबद्दल काही म्हणणे नाही, तेवढ्यासाठीच तर आपण तिकीट काढतो. पण ही मारामारी सुरू कशावरून होते ते बघा. कुणाच्या बहिणीची छेड काढलेली असते, कुणाच्या आईला पळवलेले असते. बाई म्हणजे भांडणाचे निमित्त. पुढे अडीच तास ती खांबाला बांधलेली, नाहीतर पदर तोंडाशी धरून उभी. आणि नायकाचा तो रक्ताने माखलेला शर्ट पुढच्या प्रसंगात परीटघडीचा! तो कुणी धुतला हे कुठलाही दिग्दर्शक दाखवत नाही. (रक्ताचा डाग गार पाण्यातच भिजवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. विषय निघालाच आहे म्हणून सांगितले.)

बायकांना मारामारी शोभत नाही म्हणावे, तर १९३५ सालच्या 'हंटरवाली'त नादिया हातात चाबूक घेऊन गुंडांना बडवत होती. मूळची ऑस्ट्रेलियातली मेरी एव्हन्स. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने तिला नायिका केले आणि धोक्याची कामे ती स्वतः करायची. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातली ही गोष्ट. पुढे १९७५ साली 'शोले'त बसंतीचा टांगा उधळला तेव्हा पडद्यावर हेमामालिनी होती, पण जिवावरची कामे केली ती रेश्मा पठाण या बाईने. शाळकरी वयात मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, पण तिचे नाव कळायला पस्तिशी यावी लागली. अलीकडच्यांत मला २०१४ चा 'मर्दानी' आवडला. त्यातली राणी मुखर्जी हरवलेल्या मुलीला शोधत स्वतः धावते, कुणी येऊन सोडवण्याची वाट बघत नाही.

पण खरा जीव माझा भुतांत. लहानपणी 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूने मला इतके घाबरवले होते की माझी बाहुली मी महिनाभर गादीखाली दडवली. तो बाहुला रामदास पाध्यांच्या करामतीने हलतो हे मामाने समजावले तेव्हा कुठे झोप लागली. मुले घाबरली तर "गप्प झोप" म्हणून दटावू नका, पडद्यामागची गंमत सांगा. माझ्या लेकीला तो उपाय लागू पडला आहे.

थोरांचे भय मात्र असे जात नाही, कारण ते घरातलेच असते. रामसे बंधूंना आपण हसतो. तो रबरी चेहरा, तो धूर, ते करकरणारे दार! पण त्यांच्या 'पुराना मंदिर'मधला (१९८४) शाप आठवा. गुन्हा राजाच्या आणि राक्षसाच्या भांडणातला आणि शाप काय, तर त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. भोगायचे कुणी, तर लग्न करून त्या घरात आलेल्या पोरीने. रामगोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये (२००३) हवेली नाही, स्मशान नाही, मुंबईतला नवा फ्लॅट आहे आणि राजाराणीचा संसार. ऊर्मिला मातोंडकरला जे दिसते ते तिच्या नवऱ्याला दिसत नाही. तो वाईट नाही हो, काळजीपोटी डॉक्टरकडेही नेतो. पण "तुला भास होतोय" हे ऐकताना तिचा जो चेहरा होतो, त्याची मला भुतापेक्षा जास्त धास्ती वाटली.

आणि मग 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ साली आला. नारायण धारपांची 'आजी' ही कथा त्याच्या मुळाशी आहे. बी.ए.ला असताना वाचनालयातून धारपांची पुस्तके आणून मी पांघरुणात वाचायची, त्यामुळे ओढ होतीच. गेल्या श्रावणात बाहेर पाऊस कोसळत असताना मी तो लावला. सासूबाईंना गुडघ्यामुळे झोप येत नव्हती. त्या तेलाची बाटली घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या. मी बंद करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे ग, असंही जागीच आहे."

सिनेमात सुरुवातीला एक विधवा आई आहे, दोन मुलगे आहेत आणि खोलीत कोंडलेली एक भयंकर म्हातारी. तिला वेळच्या वेळी खायला घालावे लागते, नाहीतर ती जागी होते. मी घाबरून उशी पोटाशी धरली होती. सासूबाई म्हातारीकडे बघतच नव्हत्या, त्या त्या आईकडे बघत होत्या.

"मीही कडी लावायची," त्या एकदम म्हणाल्या.

मला वाटले सिनेमाविषयीच काही बोलताहेत. त्या सांगत होत्या त्यांच्या सासूबाईंविषयी. चार वर्षे अंथरुणाला होत्या, भ्रम झालेला. "नळ चौकात. मी पाण्याला गेले की त्या उठायच्या, पडायच्या. मग बाहेरून कडी घालून जायची. आतून हाका मारायच्या ग. नळापर्यंत ऐकू यायच्या. बायका विचारायच्या, कोण ओरडतंय? मी म्हणायची, शेजारचं पोर असेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही."

मी काय बोलणार? तेलाची बाटली घेतली आणि त्यांचा गुडघा चोळत बसले. पडद्यावर पाऊस पडत राहिला. पुढचे बरेच काही आमच्याकडून निसटले, ते दुसऱ्या रात्री पुन्हा लावून पाहिले.

तेव्हापासून शनिवारी रात्री जेवणे आटोपली की त्या हळूच विचारतात, "आज कोणता?" त्यांना रामसे बंधू फार विनोदी वाटतात. अट एकच, स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायचा. तो मी ठेवते. मलाही बरे वाटते.