फावल्या वेळचे खेळ : मनोऱ्यावरील पांच भाषा

या सदरांत बुद्धिबळाविषयीं आम्हीं लिहिल्यापासून दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाच्या खेळांवरहि एकदां लिहावें, अशी सूचना दोन-तीन वाचकांकडून आली आहे. त्यांपैकीं एका सद्गृहस्थांच्या पत्रांत सूचनेपेक्षां तक्रारच अधिक आहे. घरांतील मुलें त्या यंत्रापुढें बसलीं म्हणजे जेवणाची हाक त्यांच्या कानीं पडत नाहीं, सबब निदान शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या मनुष्यानें तरी या नादास प्रतिष्ठा देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. पत्र विचार करण्याजोगें आहे व तो विचार पुढें ओघानें येईलच. परंतु ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती आधीं पाहिली पाहिजे. म्हणून गेल्या दोन महिन्यांत आम्हीं चार खेळ स्वतः खेळून पाहिले व आज त्यांचें वृत्त सादर करीत आहों.

ज्यांच्या घरीं हें प्रकरण अद्याप आलें नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. कन्सोल म्हणजे केवळ खेळासाठींच केलेला संगणक. तो दूरचित्रवाणीस जोडावयाचा व कंट्रोलर हातीं घेऊन पडद्यावरील पात्रें हालवावयाचीं. अशा जातीचें पहिलें घरगुती यंत्र, मॅग्नावॉक्स ऑडिसी, अमेरिकेंत १९७२ सालीं विकावयास आलें. आमच्या येथें आहे तें निन्टेंडो कंपनीचें स्विच. ही कंपनी १८८९ सालीं जपानांतील क्योटो शहरीं निघाली ती हनाफुदा नांवाचे पत्ते तयार करण्यासाठीं. तेव्हां सावंतवाडीच्या गंजिफांचें कौतुक असलेल्या वाचकांनीं या घराण्यास अगदींच परकें मानण्याचें कारण नाहीं.

चारांपैकीं आम्हांस सर्वांत रुचला तो 'चँट्स ऑफ सेनार'. फ्रान्समधील रनडिस्क नांवाच्या छोट्याशा मंडळीनें तो केला व २०२३ च्या सप्टेंबरांत तो बाहेर पडला. मूळ कल्पना बायबलांतील बाबेलच्या मनोऱ्याची. आकाशास भिडणारा एक मनोरा आहे. त्याच्या निरनिराळ्या मजल्यांवर निरनिराळे लोक राहतात, आणि एका मजल्याची भाषा दुसऱ्या मजल्यास कळत नाहीं. तळाशीं एक पायघोळ झग्यांतील, तोंड झांकलेली व्यक्ति दगडी पेटींतून उठते. ती म्हणजे आपण. तेथून वर जावयाचें. तलवार नाहीं, बंदूक नाहीं. भाषा शिकणें हाच पराक्रम.

आणि ती शिकविणारा कोणी नाहीं! दाराच्या कळीपाशीं दोन चिन्हें कोरलेलीं दिसतात. कळ एकीकडे ओढली कीं दार उघडतें, दुसरीकडे ओढली कीं मिटतें. मग हें चिन्ह 'उघड' आणि तें 'मीट' असावें, असा तर्क आपण आपल्या वहींत टिपून ठेवावयाचा. समोरचा मनुष्य हात वर करून कांहीं बोलतो. तो नमस्कार असेल काय? पुढें एखाद्या भिंतीवरील चित्रांत तेंच चिन्ह भलत्याच ठिकाणीं आढळतें आणि पहिला तर्क खोडावा लागतो. पुरेसें पाहून झालें म्हणजे वहीच्या पानावर आपोआप चित्रें उमटतात. पानावरील सर्व चिन्हें योग्य त्या चित्रांखालीं बसविलीं तरच तीं पक्कीं होतात. एक जरी चुकलें तरी यंत्र मौन धरतें, आणि कोणतें चुकलें हें सांगत नाहीं. परीक्षक असावा तर असा.

व्याकरणाचीहि येथें मौज आहे. पहिल्या मजल्यावरील भाविक लोकांच्या भाषेंत अनेकवचन करावयाचें म्हणजे तेंच चिन्ह दोनदां लिहावयाचें. आपण 'घरोघर', 'दारोदार' म्हणतों, त्या द्विरुक्तीस वैयाकरण वीप्सा म्हणतात. ती नेमकी अनेकवचन नव्हे, पण भाऊबंद खरीच. त्यावरच्या मजल्यावरील योद्ध्यांच्या भाषेंत अनेकवचनासाठीं निराळें चिन्ह आहे. पुढें तर वाक्यांतील शब्दांचा क्रमहि पालटतो. आणखी एक खोंच फार मार्मिक आहे. भाविक लोक स्वतःस भाविक म्हणवितात, पण योद्ध्यांच्या भाषेंत त्यांनाच 'अपवित्र' असा शब्द आहे. शेजाऱ्याचें नांव आपल्या कोशांत काय म्हणून लिहिलें जातें, हें ज्यानें पेठेंतल्या किंवा गांवांतल्या आळ्या पाहिल्या आहेत त्याला विस्तारानें सांगावयास नको.

हा खेळ खेळतांना आम्हांस जेम्स प्रिन्सेपची वारंवार आठवण झाली. ब्राह्मी लिपि कित्येक शतकें या देशांत कोणासहि वाचतां येत नव्हती. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील बारक्या लेखांचे ठसे पाहतां पाहतां प्रिन्सेपच्या ध्यानांत आलें कीं, बहुतेक लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येतात. देवस्थानाच्या दगडावर लहान लहान लेख असतील तर ते देणगीचेच असणार; मग शेवटला शब्द 'दानं' असावा. या एका तर्कावरून 'द' व 'न' हातीं लागले, आणि १८३७ सालीं ती लिपि वाचली गेली. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवरचे दात्यांचे लेख आज आपणांस वाचतां येतात ते त्यामुळें. 'सेनार' मध्यें आपण करतों तें याच जातीचें काम. धाकट्या प्रमाणावर, आणि चहा पीत पीत.

आतां घरांतली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या थोरल्या वहिनींचा नातू, वय वर्षें बारा, यंदाच्या सुटींत न्यू जर्सीहून दोन महिन्यांसाठीं आला होता. जन्म तिकडचा. इंग्रजीस अडथळा होऊं नये म्हणून त्याच्या आईबापांनीं तो लहान असतांना घरांतून मराठी काढून टाकली. आणि वहिनींना इंग्रजी येत नाहीं. त्यांचें वय एक्यायशी. आठ दिवस झाल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, पोर गुणाचं आहे हो. पण माझ्याकडे बघून नुसतं हंसतं आणि खोलींत जातं. पुढच्या खेपेला मी असेन नसेन." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याला घेऊन आम्ही 'सेनार' खेळावयास बसलों, तें केवळ पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवून पळण्याचे प्रसंग आमच्या बोटांना झेपत नव्हते म्हणून. (हे प्रसंग या खेळांतील निकृष्ट भाग होत. भाषेच्या खेळांत लपंडाव कशास हवा होता, कोण जाणे.)

दुसरा मजला संपल्यावर मुलगा उठला, चौकटीची एक वही घेऊन आला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. अर्थ कोणास विचारावयाचा नाहीं, पाहून ठरवावयाचा, असा त्याचा नियम. 'कर्म माझं' याच्यापुढें त्यानें प्रथम 'दूध उतूं गेलें' असें टिपलें होतें. पुढें वीज गेली तेव्हांहि तेंच ऐकूं आल्यामुळें तो अर्थ खोडला गेला. 'बरं' या शब्दानें मात्र त्याला जेरीस आणलें. होकार, निरोप, ऐकलें असल्याची खूण, अविश्वास, धमकी — पांच अर्थ लिहून पांचहि खोडले, व शेवटीं सहावें प्रश्नचिन्ह काढून ठेवलें. वहिनींना ही वही कसली तें कळल्यावर त्या मुद्दाम पळी उचलून 'पळी' आणि झारा उचलून 'झारा' म्हणूं लागल्या. पण त्याला त्याचें कौतुक कमी, कारण तें फारच सोपें! जातांना त्याच्या वहींत दीडशेंवर शब्द होते. दोघांचीं संभाषणें झालीं असें मात्र कोणी समजूं नये. तो एक शब्द बोले, त्या वीस वाक्यें बोलत, आणि तो तीं घाईघाईनें टिपून घेई. हल्लीं रविवारीं फोनवर तो 'बरं' म्हणतो, आणि तें योग्य जागीं पडतें.

दुसरा खेळ 'रिटर्न ऑफ दि ओब्रा डिन'. कर्ता लुकस पोप. हा २०१८ सालीं संगणकासाठीं व २०१९ सालीं कन्सोलसाठीं निघाला. ओब्रा डिन नांवाचें एक कल्पित व्यापारी जहाज १८०२ सालीं लंडनहून साठ माणसें घेऊन निघतें, नाहींसें होतें, आणि १८०७ सालीं निर्मनुष्य अवस्थेंत फालमथ बंदरीं लागतें. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. साठांपैकीं प्रत्येक जण कोण व त्याचें काय झालें, हें वहींत भरावयाचें. जवळ एक जादूचें घड्याळ आहे. प्रेतापाशीं तें उघडलें कीं मरणाचा क्षण समोर गोठून उभा राहतो. झोळीवरचा अंक, बोलण्याची ढब, पायांतले मोजे, यांवरून माणूस ओळखावयाचा. तिघांचें बरोबर जमलें म्हणजे तेवढें छापून पक्कें होतें. चित्रें पोथींतील लाकडी ठशांच्या छपाईसारखीं, केवळ दोन रंगांत. खलाशांत कांहीं हिंदुस्थानांतील आहेत. कंपनीच्या कारभाराचा इतिहास आम्हीं अनेक वर्षें शिकविला, पण तिच्या जहाजावर नोकरीस असलेल्या माणसांकडे एकेकाचें तोंड पाहून आम्हीं पाहिलें तें या खेळांतच. रक्तपात मात्र पुष्कळ आहे, समुद्रांतले राक्षसहि आहेत. सोळा वर्षांखालील मुलांच्या हातीं हा देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिसरा खेळ आपल्या घरचा. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें केला व २०२० च्या ऑगस्टांत प्रथम स्विचवरच आला. त्या वर्षींच्या गेम अवॉर्ड्समध्यें पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव होतें. राजी नांवाची डोंबाऱ्याची पोर आपल्या धाकट्या भावास, गोलूस, असुरांच्या हातून सोडविण्यास निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णु धनुष्य देतो, आणि दोघे वरून तिच्याविषयीं बोलत असतात. वाडे राजस्थानी थाटाचे, कथाभाग छायाबाहुल्यांच्या रीतीनें दाखविलेला. डोळ्यांस तर पर्वणी आहे. पण आपला म्हणून लाड करावा अशा मताचे आम्ही नाहीं. मारामारी पुढें पुढें तीच ती होते, कठड्यावरून उडी कोठें पडेल याचा भरंवसा नाहीं, आणि शेवट तर इतका एकाएकीं येतो कीं कीर्तनकार आख्यान अर्ध्यावर टाकून उठून गेल्यासारखें वाटतें. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत हिंदी संवाद आले. पुण्यास बनलेल्या खेळांत मराठी ऐकण्याची हौस आमची तशीच राहिली. ज्यांनीं एवढें केलें त्यांनीं पुढें तेंहि करावें.

आतां तक्रारीच्या पत्राकडे वळूं. त्या सद्गृहस्थांचें भय निराधार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं संमत केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनास स्वतंत्र स्थान दिलें आहे. आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत केला. परंतु 'खेळ' या एका नांवाखालीं हे सर्व प्रकार एका दावणीस बांधणें आम्हांस पटत नाहीं. आम्ही पाहतों तें हें कीं, खेळाला शेवट आहे किंवा नाहीं. 'सेनार' आम्हीं रोज तासभर खेळून दोन आठवड्यांत पुरा केला, आणि मग तो संपला. कादंबरी संपावी तसा. फोनवरील कित्येक खेळ मात्र मुळीं संपूंच नयेत अशाच बेतानें रचलेले असतात. रोज हजेरी लावली नाहीं तर नुकसान, आणि पुढें सरकावयाचें तर पैसे भरा. आपला मुलगा यांपैकीं काय खेळतो, हें त्याच्या शेजारीं अर्धा तास बसल्याखेरीज कळणार नाहीं. दारांतून ओरडून कळणार नाहीं. जेवणाच्या हाकेबद्दल म्हणावें तर आमच्या लहानपणीं हरिभाऊंच्या कादंबऱ्यांपायींहि ती ऐकूं येत नसे, व आमच्या मातुःश्री ताट झांकून ठेवीत. यंत्र मात्र दिवाणखान्यांत असावें. झोंपण्याच्या खोलींत नसावें. आमच्या घरीं हा नियम आहे आणि तो मोडलेला नाहीं.

चौथा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स', २०१७ सालचा. यावर फार लिहिण्यासारखें नाहीं. गाड्यांची शर्यत ती. एका पडद्याचे चार भाग होतात व चौघे एकदम खेळतात. त्यांत एक सोय अशी आहे कीं, ती चालू केली असतां गाडी रस्ता सोडून बाहेर जात नाहीं; त्यामुळें पांच वर्षांचें मूल आणि हात कापणारा वृद्ध दोघेहि शेवटपर्यंत पोंचतात. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं ही सोय आमच्या नकळत चालू करून ठेवली होती. दोन रविवार आम्ही बरे दुसरे-तिसरे येत होतों.