झील कोण धरणार?



गेल्या १३ ऑक्टोबरला आम्ही चांदवडची मंडळी जीप करून येवल्याच्या मुक्तिभूमीवर निघालो. बाबासाहेबांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली, तो हा दिवस. गाडीत आमच्या वस्तीतले एक जुने गायक होते. वाटेत त्यांनी वामनदादांचे गीत सुरू केले. पूर्वी असे गाणे निघाले की सारी गाडी झील धरायची. या वेळी बाबा एकटेच गात राहिले. मागच्या पोरांनी तेच गाणे मोबाईलवर लावले. बाबा थांबले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गाणं ऐकू येतंय रे, पण झील कोण धरणार?"

वाचकहो, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

आपले गाणे कोणत्याही संगीत विद्यालयात शिकवले गेले नाही. तमाशाचा बाज सत्यशोधक जलशाने घेतला. त्यातूनच पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. ढोलकी तीच, पण तिच्यावर आता शिक्षण, स्वाभिमान आणि बाबासाहेबांचा विचार वाजू लागला. मग वामनदादा कर्डक आले. आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत कष्ट करता करता मोठेपणी अक्षरे शिकलेला हा माणूस हजारो गीते लिहून गेला. त्यांची गीते गावोगावच्या गायकांनी वहीत उतरवून घेतली.

प्रल्हाद शिंदे यांनीही उमेदीच्या काळात कव्वालांच्या ताफ्यात कोरस दिला. त्यांचा गळा पुढे आनंद-मिलिंद या मुलांकडे आणि आदर्श या नातवाकडे आला. विठ्ठल उमपांचा वारसा नंदेश चालवतात. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. दोन्ही गळे दीड महिन्याच्या आत थांबले, पण गाणे थांबले नाही, कारण मागे झील धरणारे बसलेले होते.

आज दोष पोरांना देऊन आम्हाला सुटता येणार नाही. नव्या चालीचेही आम्हाला वावडे नाही; आपल्या शाहिरांनी सिनेमाच्या चालीही घेतल्याच होत्या. जयंतीचा हिशेब आम्हीच लिहितो. गेल्या वर्षीच्या वहीत डीजेपुढे पाच आकडी रक्कम आहे आणि गायन पार्टीपुढे शून्य. ते शून्य आमच्याच हातचे आहे. ज्यांना मागे बसायला जागाच दिली नाही, ती पोरे झील कशी धरणार?

म्हणून आम्ही एक केले. बाबांच्या जीर्ण वहीची झेरॉक्स काढली. रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर ते बसतात. पहिल्या रविवारी दोन पोरे आली, तिसऱ्याला सात. त्यांत तीन मुली आहेत. एकीने तर सरळ ढोलकीच ओढून घेतली. ताल चुकला, तेव्हा बाबांनी तिचा हात धरून ठेका बसवला.

मोबाईलमध्ये आवाज सापडतो, ठेका बसवणारा हात सापडत नाही. तुमच्या वस्तीतही अशी एखादी वही पेटीच्या तळाशी असेल. ती बाहेर काढा. वहीचा धनी हयात असेल, तर लेकरांना आजच त्याच्या मागे बसवा.

जयभीम!