ऑनलाइन घेतलेला चार्जर खराब निघाला, पण ‘नो रिटर्न’ लिहिलंय? कायदा काय सांगतो?

‘फास्ट चार्जिंग’ वाचून चार्जर मागवला, पण फोन रात्रभर चार्ज होत राहतो. ॲपवर रिटर्नचा पर्याय शोधला, तर ‘फक्त रिप्लेसमेंट’ किंवा ‘नो रिटर्न’ अशी ओळ दिसते. प्रश्न चार-पाचशे रुपयांचा असतो, म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. पण ही ओळ कायद्यापेक्षा मोठी नाही.

नियम काय आहे?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील किंवा ती ठरलेल्या वेळेनंतर आली असेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद आहे तो नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झालेल्या उशिराचा.

मात्र ‘कव्हरचा रंग आवडला नाही’, ‘चुकून दुसऱ्या मॉडेलचं मागवलं’ अशा वेळी हा नियम कामाला येत नाही. तिथे ॲपचं रिटर्न धोरणच चालतं. चार्जरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा: तुमचा फोन तेवढ्या वॉटचं चार्जिंग घेतो का? घेत नसेल, तर दोष चार्जरचा नाही.

ॲप हात वर करू शकतं का?

‘आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत’ हे उत्तर नेहमीचं. पण प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात तिचं निवारण करायचं, असं नियम सांगतो. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि रिटर्न-रिफंडच्या अटी दाखवणंही बंधनकारक आहे.

मग करायचं काय?

• वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. तिथला मजकूर नंतर बदलू शकतो. बिल आणि चॅटही जपून ठेवा.

• पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

• तक्रार लेखी करा. ‘जाहिरातीप्रमाणे वस्तू नाही’ असं कारण स्पष्ट लिहा.

• दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही.

• आदेश हवा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. विक्रेता दिल्लीत असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार करता येते. मुदत २ वर्षं.

चारशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जाणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण लेखी तक्रार आणि १९१५ वरचा फोन या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. ‘एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार?’ या हिशेबावरच खराब माल विकणाऱ्यांचं फावतं.