ठाणे आले, नगर केव्हा?

मोठेपण मिळणे आणि ते हातचे जाणे, हे दोन्ही अनुभव वाशिमने एकाहून अधिक वेळा घेतले आहेत. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. पुढे ते राज्य लयास गेले आणि राजधानीचे गाव झाले. इंग्रजी अमदानीत वाशिम जिल्ह्याचे ठाणे बनले. पण १९०५ साली वऱ्हाडची फेररचना झाली आणि लेखणीच्या एका फटकाऱ्याने ते अकोल्याचा तालुका ठरले. गेलेला मान परत मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी, तब्बल ९३ वर्षांनी.

या मानाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. साध्या दाखल्यासाठी अकोल्याला खेटे घातलेल्या शेतकऱ्यास ते ठाऊक आहे. कचेऱ्या आल्या, नोकरवर्ग आला; २००१ साली सुमारे ६३ हजार असलेली शहराची वस्ती २०११ साली ७८ हजारांवर गेली. परंतु २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, तीत वाशिमचेही नाव आले. शब्द गोड आहे. अर्थ मागासलेला असाच. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून गेला तो कारंजा-मालेगावकडून. शहर बाजूसच राहिले.

सारांश, वरून मिळालेल्या मानाने वस्ती वाढते, नगर घडत नाही. शहराभोवतीच्या काळ्या जमिनीत आज भूखंडांचे खुंट रोवले जात आहेत. आधी घरे, मग रस्ता, मग गटार आणि सर्वांत शेवटी पाणी, असा हा उलटा क्रम आहे. शहराची तहान ज्या एकबुर्जी जलाशयावर अवलंबून, तो काही वस्तीबरोबर वाढत नाही. पाऊस रुसला की नळही रुसतात.

यास्तव आमचे म्हणणे एवढेच की, पाणी व सांडपाणी यांची सोय दाखविल्यावाचून नव्या वसाहतीस संमती देऊ नये. पूर्वी अशा कामात अकोल्याकडे बोट दाखविता येत असे. आता जिल्हाधिकारी येथेच बसतात, नगरपरिषदही येथेच आहे. जिल्हा मिळाल्याने वाशिमची ती सबब मात्र कायमची गेली, हे दोघांनीही ध्यानी घ्यावे.