सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी बँकांनी मागावी

31 जुलै 2024 रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीचा किरकोळ देयक यंत्रणेशी असलेला संबंध तात्पुरता तोडला. सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचा संशय होता. सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली आणि विषय मिटला असे मानले गेले. महाराष्ट्रात खरीप पीकविम्याची वाढीव मुदतही त्याच 31 जुलैला संपत होती. बँकेची प्रणाली नेमकी केव्हा बंद पडावी, याला मुहूर्त नसतो.

बेंगळुरूच्या क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने केलेल्या विश्लेषणानुसार हल्लेखोर थेट बँकेत किंवा सी-एजमध्ये शिरले नाहीत. सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा जेनकिन्स सर्व्हर नीट बंदिस्त केलेला नव्हता. वाट तिथून मिळाली. जेनकिन्स हे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचे रोजचे अवजार आहे. आलेल्या आज्ञा वाचण्याचे काम ते स्वतः करत नाही, ‘आर्ग्स-फोर-जे’ या तयार लायब्ररीकडून करून घेते. या लायब्ररीत एक सोय आहे. आज्ञेत ‘ॲट’चे चिन्ह टाकून पुढे फाइलचा पत्ता लिहिला, की त्या जागी फाइलमधला मजकूर येतो. स्वतःच्या संगणकावर काम करणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण दुरून आज्ञा पाठवणाऱ्या अनोळखी माणसालाही तीच सोय मिळाली, तर तो सर्व्हरवरच्या फाइलींच्या पहिल्या काही ओळी वाचू शकतो, आणि पासवर्ड किंवा गुप्त किल्ली मिळवायला कधी कधी तेवढे पुरते. जेनकिन्सची आणि या लायब्ररीची सुरुवात एकाच प्रोग्रामरने, कोहसुके कावागुची यांनी केली. तरीही ही फट अनेक वर्षे कुणाच्या नजरेस आली नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. 24 जानेवारी 2024 रोजी आलेल्या जेनकिन्सच्या 2.442 या आवृत्तीत ही सोय बंद करण्यात आली. लायब्ररीला हात लावावा लागला नाही, ती वापरणाऱ्याने आपल्याकडचे दार लावले. हल्ल्याची बातमी येईपर्यंत त्या दुरुस्तीला सहा महिने उलटून गेले होते.

पॅच, म्हणजे अशी दुरुस्ती, तयार होणे आणि तो प्रत्येक सर्व्हरवर बसणे यांत इतके अंतर का पडते, हे डिसेंबर 2021 च्या ‘लॉग-फोर-जे’ प्रकरणात नीट दिसले. घडामोडींची नोंद ठेवणारी ही जावा लायब्ररी. नोंदीत विशिष्ट मजकूर आला की ती बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवत असे. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला 10 पैकी 10 गुण मिळाले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात 2.15 पासून 2.17.1 पर्यंत एकामागून एक आवृत्त्या काढाव्या लागल्या. पण खरी अडचण वेगळीच होती: आपल्याकडे ही लायब्ररी आहे, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. कुणी ती मुद्दाम घेतलेली नव्हती. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात दुसरे सॉफ्टवेअर, त्याच्या पोटात ही, असा तो प्रकार. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, ते दुरुस्त कोण करणार?

चालू प्रणालीला हात लावायला लोक घाबरतात, हा आक्षेप पोकळ नाही. सी-एजच्या घटनेच्या 12 दिवस आधीच, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. त्यावरून अपडेट टाळावेत असे मात्र ठरत नाही. ते आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवावेत, मग थोड्या यंत्रांवर आणि शेवटी सगळीकडे, एवढेच त्यातून निघते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांत शेतकऱ्याचे पीककर्ज आणि अनुदान बहुधा जिल्हा मध्यवर्ती, ग्रामीण किंवा नागरी बँकेच्या खात्यातून फिरते. बचत पतसंस्थेत असते. अशा संस्था लायब्ररीला पॅच लावू शकत नाहीत, तो पुरवठादारानेच लावायचा. संस्थेच्या हातात फक्त करार असतो, आणि संगणकप्रणालीचा विषय संचालक मंडळापुढे बहुधा खरेदीच्या वेळीच येतो. नियमही इथे विरळ आहेत. रिझर्व्ह बँकेने 10 एप्रिल 2023 रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी सविस्तर निर्देश काढले, पण त्यांतून ग्रामीण बँका आणि लहान नागरी बँका वगळल्या. नाबार्डची 2020 ची सायबर सुरक्षा चौकट ग्रामीण व जिल्हा बँकांना लागू आहे. पतसंस्था या दोन्हींच्या बाहेर राहतात.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पिशवीवरच्या लॉट क्रमांकावरून बियाणे कुठून आले हे शोधता येत होते. पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला असे लेबल नसते. तेही शक्य आहे: त्यात कोणकोणत्या लायब्रऱ्या, कोणत्या आवृत्तीच्या आहेत याची यादी, म्हणजे ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. ही यादी पुरवठादाराकडे मागायची की नाही, हे लहान संस्थांपुरते अजून त्यांच्या मर्जीवरच आहे. गंभीर त्रुटी जाहीर झाल्यापासून किती दिवसांत पॅच बसवायचा, उशीर झाल्यास दंड किती, आणि पुरवठादाराच्या उपकंत्राटदारालाही हीच अट लागू आहे का, हे तीन मुद्दे प्रत्येक करारात लिहिलेले हवेत. पुरवठादार नकार देईल ही भीती एकट्या पतसंस्थेला रास्त आहे. जिल्ह्यातील संस्थांनी एकत्र मागणी केली तर त्याला ती ऐकावी लागेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. लाभांशाच्या चर्चेनंतर सभासदांनी ही यादी आणि करारातली ही कलमे अध्यक्षांकडे मागावीत, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

— एक वाचक, धाराशिव