गल्ल्यामागचा दिवस : ‘क्लर्क्स’ आणि १९९४ चे न्यू जर्सी

१/ क्लर्क म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कचेरीतला कारकून येतो. अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्यावरच्या नोकरालाही हाच शब्द आहे. केविन स्मिथ यांचा ‘क्लर्क्स’ (१९९४) हा विनोदी चित्रपट अशाच दोन कंटाळलेल्या नोकरांचा एक दिवस दाखवतो.

२/ चित्रपटाची जन्मकथा प्रसिद्ध आहे. खर्च २७,५७५ डॉलर. त्यासाठी क्रेडिट कार्डांवर उधारी झाली, कॉमिक्सचा संग्रह विकला गेला. पुढे सनडान्स महोत्सव आणि मिरामॅक्सची खरेदी. होतकरू दिग्दर्शकाच्या जिद्दीची कथा म्हणून हे सारे सांगितले जाते, आणि त्या सांगण्यात दुकान मात्र हरवते.

३/ लिओनार्डो गावातल्या ‘क्विक स्टॉप’मध्ये स्मिथ स्वतः नोकरीला होते. दुकान दिवसा चालू, म्हणून चित्रीकरण रात्री. बाहेरचा अंधार दिसू नये यासाठी शटर बंद ठेवावे लागे. त्याचे कारण म्हणून कुलपात च्युइंगम कोंबल्याचा प्रसंग कथेत आला. या चित्रपटाला आकार दिला तो नोकरीच्या वेळापत्रकाने.

४/ १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले. आठवड्याला ४० तास या हिशेबाने चित्रपटाचा ‘क्षुल्लक’ खर्च म्हणजे किमान वेतनावरील कामगाराची अडीच वर्षांहून अधिक काळाची कमाई!

५/ याच वेतनवाढीवरील डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांचा गाजलेला शोधनिबंधही १९९४ चाच. न्यू जर्सी व पूर्व पेनसिल्व्हेनियातील ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना करून, वाढीमुळे रोजगार घटल्याचे दिसत नाही, असे त्यांनी मांडले. त्या निबंधाने नोकऱ्या मोजल्या. त्या नोकरीत दिवस कसा जातो, हे मात्र ‘क्लर्क्स’ने टिपले.

६/ डान्टेला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले जाते आणि मालक परस्पर व्हरमाँटला निघून जातो. शेजारच्या व्हिडिओच्या दुकानातला रँडल वाद घालतो : ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला अर्धवट बांधलेला डेथ स्टार उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यावरच्या कंत्राटी कामगारांचे काय झाले? यावर हसू येते खरे. पण विजयाच्या कथेत कामगारांची नोंद कोण ठेवतो, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

७/ आक्षेप रास्त आहे : हा काही कामगारांचा जाहीरनामा नव्हे. वेतनाचा वा संघटनेचा विचार येथे नाही. उलट, या स्थितीला तूच जबाबदार आहेस, असे रँडल डान्टेला सुनावतो. मालकाची लबाडी प्रेक्षकाने पाहिलेली असते, तरी अखेर दोष नोकराच्या माथी येतो. हे चित्रपटाचे वैगुण्य आहेच. पण पुरावा म्हणून तेच मोलाचे : आपल्या कोंडीचा दोष कामगाराने स्वतःकडेच घ्यावा, ही त्या काळाची समजूत त्यात उमटली आहे.

८/ २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘क्लर्क्स’चा समावेश झाला. जिद्दीचे स्मारक म्हणून तो जपला जाईलच. परंतु कार्ड-क्रूगर यांच्या निबंधाशेजारी ठेवून तो पाहिला, तर आकडेवारीतल्या प्रत्येक ‘नोकरी’मागे गल्ल्यावर ताटकळत उभा असलेला एक माणूस दिसू लागतो.