वाळूज बघायला कोण जातं?

संभाजीनगरला आलेल्या पाहुण्याला आपण वेरूळ, अजिंठा, मकबरा दाखवतो. परवा पुण्याहून आलेल्या मित्राला म्हटलं, "चल, वाळूजला जाऊ." तर म्हणतो, "तिथे काय आहे बघायला?"

आता गंमत बघा. ऑनसाइट असताना हाच पठ्ठ्या बर्लिनच्या टोकाला, सीमेन्सच्या कारखान्यांभोवती वसलेलं उपनगर बघून आला होता. तिथली कामगार वसाहत २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे!

मान्य, ती ग्रोपिअस-शारूनसारख्यांनी आखलेली. आपल्याकडे १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ सुटे भाग बनवणारे आले, बजाजनगर वसलं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी पोरं इथेच पहिल्यांदा 'पगारदार' झाली. माझा मामा त्यातलाच. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच्या ओव्हरटाइममधून गेलीय.

शेवटी मित्राला नेलंच. छोट्या पंढरपुरात विठोबाला नमस्कार केला, मामाकडे चहा झाला.

वाळूज सुंदर आहे असं मी म्हणत नाही. पण जिथे कुणी बघायलाच जात नाही, तिथल्या लोकांना काय हवंय हे तरी कोण विचारणार?

असो. पुढच्या वेळी वेरूळ झालं की एक संध्याकाळ इकडेही काढा.